भर पावसात दौलताबादचा किल्ला

आपल्या वस्तीतून गाड्या निघतात त्या ठरलेल्या दिवशी. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, २० मार्चला महाडला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला. ते अभिवादन असते आणि ते केलेच पाहिजे. पण बायकामुलांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन एखादा जुना किल्ला पाहून यावा, ही चाल आपल्या कष्टकरी कुटुंबांत अजून म्हणावी तशी रुजलेली नाही. कारणे उघड आहेत. रोजंदारीवरच्या माणसाचा एक खाडा पडला की त्या आठवड्याचा हिशेब कोलमडतो. नोकरीवाल्याची सुट्टी लग्नकार्यात आणि दवाखान्यात संपते. शिवाय मनात खोलवर एक समज बसलेला असतो. किल्ले म्हणजे राजेरजवाड्यांचे, सरदार-सुभेदारांचे. तेथे आपले काय ठेवले आहे?

आमचे मेहुणे नेमके हेच म्हणाले. ते कारखान्यात फिटर आहेत. बोलणे सरळसोट. "पैसे खर्च करून पडके दगड बघायचे, त्यापेक्षा पोरांच्या वह्या-पुस्तकांत घाला," असा त्यांचा सल्ला. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. पण एक किल्ला असा आहे की तो पाहिल्यावाचून आपल्या मुलांचे शिक्षण अपुरे राहील असे आम्हांस वाटते. तो म्हणजे दौलताबादचा किल्ला, जुने नाव देवगिरी. मागच्या पावसाळ्यात आम्ही तेथे सहकुटुंब जाऊन आलो. त्याची ही हकिकत वाचक बंधू-भगिनींसाठी देत आहोत.

कार्यक्रम ठरला, पाऊसही ठरला

आम्ही नाशिकरोडला राहतो. माणसे एकूण नऊ. आम्ही, आमच्या सौ., सत्तरी गाठलेली आमची आई, अकरावीत शिकणारी कन्या, सहावीतला चिरंजीव, मेहुणे, आमची धाकटी बहीण आणि त्यांची दोन मुले. दोन घरांनी मिळून एक जीप ठरविली, खर्च निम्मा निम्मा. शनिवारी पहाटे निघायचे, किल्ला पाहून रात्री मामेबहिणीकडे मुक्काम करायचा आणि रविवारी वेरूळची लेणी पाहून परत फिरायचे, असा बेत. मामेबहीण राहते ते शहर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर.

वेरूळचा हट्ट आईचा होता. तिचे माहेर वैजापूर तालुक्यातले. तेथून वेरूळ जेमतेम दोन तासांची वाट. पण जन्म शेतमजुरीत गेला आणि नाशिकला आल्यावर चार घरची धुणीभांडी करण्यात. बुद्धाची ती मोठी मूर्ती तिने फक्त कॅलेंडरवर पाहिलेली.

गुरुवारपासून पाऊस लागला. शुक्रवारी हवामान खात्याने मराठवाड्यात जोरदार पावसाचा इशारा दिला. सौ. म्हणाल्या, "अहो, पुढच्या आठवड्यात जाऊ." पण मेहुण्यांची बदली सुट्टी पुन्हा केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता, जीपवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली होती आणि आईचे गुडघे दिवसेंदिवस कुरकुरत चाललेले. शेवटी आईनेच निकाल दिला. "पाऊस काय खातोय का मला? उभा जन्म भिजत लावण्या केल्या. चला!"

तरीही आम्ही निघण्याआधी तीन गोष्टी सर्वांसमोर ठरवून घेतल्या. पुलावरून वा फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचे. आणि किल्ल्यावर जेथे कुणा एकालाही भीती वाटेल तेथून सर्वांनी फिरायचे, कुणी कुणाला हसायचे नाही. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी, दोन कॅन पाणी, प्रत्येकाला कपड्यांचा एक जादा जोड, छत्र्या आणि प्लॅस्टिकचा एक मोठा कागद एवढी तयारी करून पहाटे पाचला निघालो.

तीच वाट

निफाड, विंचूर करीत येवल्याला पोचलो तेव्हा उजाडले होते, पण सूर्याचा पत्ता नव्हता. येवल्याला मुक्तिभूमीवर भर पावसात उतरून वंदन केले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. पण त्याच्या आदल्याच वर्षी बाबासाहेब याच येवल्यावरून दौलताबादला गेले होते, हे मोठ्यांपैकीही थोड्यांना ठाऊक असते.

ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींच्या छोट्या पुस्तिकेत ती येते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ही पुस्तिका प्रसिद्ध केली. आमच्या कन्येने ती बरोबर घेतली होती. येवला सोडल्यावर जीपच्या काचांवर पाऊस आपटत असताना तिने ते प्रकरण मोठ्याने वाचले आणि आजीला मराठीतून समजावून सांगितले. आम्ही येथे त्याचा सारांश देतो.

साल १९३४. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांसह स्थलदर्शनाला जाण्याची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सगळे नाशिकला जमले. माणसे सुमारे तीस. बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेऊन मंडळी येवल्यामार्गे निघाली. कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता, कारण अस्पृश्य प्रवाशाला आडगावी काय काय सोसावे लागते ते सर्वांना माहीत होते. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दौलताबादला आपली माणसे वाट पाहत उभी होती. त्यांनी आधी चहा-फराळ घेण्याचा आग्रह केला. चहाची गरजही फार होती. पण दिवस मावळायच्या आत किल्ला पाहून व्हावा म्हणून मंडळींनी चहा परतल्यावर घेऊ असे सांगितले आणि थेट किल्ल्याच्या दरवाज्याशी गेली.

दरवाज्याबाहेर पाण्याचे एक छोटे तळे होते, काठोकाठ भरलेले, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाच्या धुळीने सर्वांची तोंडे आणि कपडे माखलेले. काहींनी त्या पाण्याने हातपाय आणि तोंड धुतले. एवढेच. मंडळी दरवाज्याच्या कमानीत शिरून परवानगीची चौकशी करीत होती, तोच एक वृद्ध मुसलमान तळे बाटवल्याची ओरड करीत मागून आला. रमजानचे दिवस होते. आसपासचे तरुण-म्हातारे जमले आणि शिवीगाळ सुरू झाली. आम्ही परगावचे आहोत, इथला रिवाज आम्हांला माहीत नव्हता, असे सांगितले, तर तो राग स्थानिक अस्पृश्यांवर उलटला. तुम्ही यांना आधीच का सांगितले नाही, म्हणून त्या गरिबांना दरडावले गेले. अखेर बाबासाहेबांनी जमावालाच विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या तळ्याचे पाणी तुम्ही नाकाराल काय? त्यावर कुणाकडे उत्तर नव्हते. मग पहारेकऱ्याने बाबासाहेबांचे नाव कागदावर लिहून घेतले, आत नेऊन अधिकाऱ्याला दाखविले आणि निरोप आणला. किल्ल्यात जाता येईल, मात्र आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

वाचकहो, १९३४ साली बाबासाहेब कोण होते ते ध्यानात घ्या. न्यूयॉर्क आणि लंडनच्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले विद्वान, बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बसून आलेले, १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेले नेते. त्यांच्या मागे पाण्यासाठी शिपाई!

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. या पुस्तिकेत दोष एकाच धर्माच्या माणसांच्या पदरी टाकलेला नाही. बडोद्यात पारशांच्या विश्रामगृहातून त्यांना कसे हुसकावले गेले आणि चाळीसगावात टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला कसा नकार दिला, तेही त्यात आहे. अस्पृश्यतेचा रोग या देशात हवेसारखा सगळीकडे पसरला होता, हे त्यांना दाखवायचे होते.

वाचन संपले तेव्हा जीपमध्ये सगळे गप्प होते. मेहुण्यांनी कन्येकडून पुस्तिका मागून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," एवढेच म्हणाले.

फरशीवर पाणी

वैजापूर मागे टाकले आणि पावसाने जोर धरला. पुढे एका ओढ्याच्या फरशीवरून गढूळ पाणी वाहत होते. दोन मोटारसायकलवाले पाय वर घेऊन पार गेले. आमचा चालक म्हणाला, "साहेब, जाईल गाडी." पण ठरले होते ते ठरले होते. गाडी बाजूला लावली. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली बसून भाकरी खाल्ल्या. सौ.नी मुलांना कोरडे कपडे घातले. पाणी उतरायला जवळजवळ दोन तास लागले. चिरंजीव कंटाळून गेले, पण त्याच दिवसांत अशा फरशांवरून वाहून गेलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो. दोन तास वाया गेले म्हणून कुणाचे काही बिघडले नाही.

दौलताबादला पोचायला दुपारचे दोन वाजले. किल्ल्यासमोर चहाच्या टपऱ्या मांडलेल्या. सगळे थंडीने कुडकुडत होते. बहीण म्हणाली, "दादा, आधी चहा घेऊ." आई जीपमधून उतरता उतरता म्हणाली, "बाबासाहेबांनी चहा नंतर घेतला. आपणबी नंतरच घेऊ. उजेड हाय तवर किल्ला बघा."

किल्ला कसा आहे

देवगिरी ही यादव राजांची राजधानी. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवाने ती वसविली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने रामदेवरायावर स्वारी करून अमाप लूट नेली. पुढे महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी येथे हलविली, नाव दौलताबाद ठेवले आणि काही वर्षांतच दिल्लीला परत जायचा हुकूम काढला. हुकूम सुलतानाचा, पाय तुडविले रयतेने. नंतर बहामनी, निजामशाही, १६३३ मध्ये मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम असे धनी बदलत गेले.

यातला एक माणूस आपल्या मुलांना ठाऊक असावा. मलिक अंबर. आफ्रिकेतल्या हबसाणात जन्मलेला आणि गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा माणूस. तो निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना वर्षानुवर्षे त्याने दाद दिली नाही आणि जवळच खडकी हे शहर वसवून तेथे नहरीने पाणी आणले. तेच पुढचे औरंगाबाद. त्याची कबर खुलताबादला आहे.

किल्ल्याचा डोंगर दुरून उलट्या पाटीसारखा दिसतो. पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर उंच. खालच्या बाजूने सगळा कडा उभा तासून काढलेला, भिंतीसारखा गुळगुळीत. त्याभोवती खोल खंदक. आत शिरायला एकच अरुंद पूल. पलीकडे 'अंधारी' म्हणजे खडकात कोरलेला वळणावळणाचा काळोखा जिना. शत्रू आत शिरलाच तर अंधारात चाचपडत मरावा अशी योजना.

दरवाज्याशी तिकिटे घेतली. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, ही आपल्यासारख्यांना दिलाशाची गोष्ट. पहिल्या दरवाज्यातल्या देवड्यांत पाऊस चुकवीत थोडे थांबलो. फरसबंदीवरून पावसाचे पाणी धो धो वाहत होते. मुलांचे पाय चिखलाने भरले होते. चिरंजिवांनी त्या वाहत्या पाण्यात पाय चोळून धुतले. पाहरेकरी बघत होता. तो काही बोलला नाही, त्याला बोलण्याचे कारणच नव्हते. कन्येने मात्र आमच्याकडे पाहिले.

हत्ती हौदाच्या काठावर

आत गेल्यावर डाव्या अंगाला हत्ती हौद लागतो. भला मोठा चौकोनी हौद, हत्तीसुद्धा बुडेल असा खोल. डोंगरातले पाणी खापराच्या नळांतून आणून किल्ल्यात खेळविले होते. एरवी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही दौलत काय असेल ते समजत नाही. त्या दिवशी हौदात वरून सरी कोसळत होत्या आणि सगळे पाणी उकळल्यासारखे दिसत होते. आई छत्री धरून काठापासून चार हात मागे उभी राहिली. पुढे ये म्हटले तर येईना. नातवाने विचारले, "आजी, हात लावला तर पाणी बाटतं कसं?"

आई कधी या विषयावर बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आमच्या गावाला आड होता. आपल्या बायांनी त्याच्या कट्ट्याला शिवायचं नाही. खाली हंडे मांडून बसायचं. कुणी बाई पाण्याला आली, तिला दया आली, तर ती पोहरा ओतायची. तोबी उंचावरून. तिचा पोहरा आपल्या हंड्याला लागू नये म्हणून. निम्मं पाणी भुईवर सांडायचं. माझी माय झुंजूमुंजू गेलेली ऊन चढल्यावर एक हंडा घेऊन यायची. मी तिच्या पदराला धरून बसायची. पाणी कसं बाटतं ते मला नाही ठावं. पाण्याला ठावं असंल तर त्याला विचार."

हे साधारण १९६० च्या आसपासचे. म्हणजे निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले होते. २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू होते. त्याच्या पंधराव्या कलमात बाबासाहेबांच्या मसुदा समितीने विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराला जातीच्या कारणाने अडथळा करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा शिक्षेचा गुन्हा ठरविणारा कायदाही झाला. तरीही आडाच्या कट्ट्यापर्यंत कायदा पोचायला वेळ लागला. आजही कोठे कोठे पाण्यावरून मारहाण झाल्याच्या बातम्या येतात. म्हणून मुलांना कलमांचे आकडे पाठ असून भागत नाही. ते आकडे कशासाठी लिहावे लागले, हे हौदाच्या काठावर उभे राहून समजते.

सौ.नी आईचा हात धरून तिला पुढे नेले. पाणी खूप खोल होते, हात पोचण्यासारखा नव्हता. आईने छत्री बाजूला केली आणि ओंजळ पुढे धरली. वरून पडणारे पाणी ओंजळीत साठले, ते तिने तोंडावरून फिरविले. मग म्हणाली, "चला आता. पोरं भिजताहेत."

अंधारीतून बारादरीपर्यंत

पुढे दगडी खांबांचा एक प्रशस्त मंडप आहे. मूळची ही जुनी मशीद, खांब त्याहूनही जुन्या देवळांचे आणि १९४८ नंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसविली गेली. एकाच छपराखाली किती राज्ये आली आणि गेली! आई, सौ., बहीण आणि धाकटी दोघे तेथे आडोशाला बसली. आम्ही, मेहुणे, कन्या आणि चिरंजीव असे चौघे पुढे निघालो.

समोर चाँदमिनार पावसात अर्धा दिसत होता, अर्धा ढगात. पुढच्या तटाआत चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने येथे कैदेत ठेविले होते. बाजूच्या बुरुजावर मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे तोंड केलेले आहे. मेहुणे, ज्यांना पडके दगड पाहायचे नव्हते, ते तेथून हलेनात. ओतकाम कसे केले असेल, एवढा जड नग बुरुजावर कसा चढविला असेल, याचा ते कारागिराच्या नजरेने विचार करू लागले. खंदकाच्या पुलावर उभे राहून तासलेल्या कड्याकडे त्यांनी बोट दाखविले. "भाऊ, ही एकेक छिन्नी माणसाने मारली ना? किती जण पडले असतील खाली? त्यांची नावं कुठं लिहिलीत?"

नावे कोठेच लिहिलेली नाहीत. किल्ला राजाच्या नावाने ओळखला जातो. दगड फोडणारा, चुना मळणारा आणि पाणी वाहणारा यांच्या नावाची पाटी नसते. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या घेऱ्यात राहून रात्रंदिवस पहारा करणाऱ्यांत महार, मांग, रामोशी, कोळी, बेरड होते. गडाची राखण त्यांनी केली, पण पाणवठा मात्र वेगळा. किल्ल्यात आपले काय, या प्रश्नाचे उत्तर मेहुण्यांना कुणी द्यावे लागले नाही. ते त्यांनी स्वतःच शोधले.

अंधारीत मोबाईलचे दिवे लावून गेलो. पायऱ्या उंच आणि सारख्या नाहीत, वरून पाणी ठिबकत होते, वटवाघळांचा वास येत होता. चिरंजिवांनी आमचा हात घट्ट धरला होता. बाहेर आलो तो वारा आणि पाऊस अंगावर आला. तसेच चढत बारादरीपर्यंत पोचलो. शहाजहानच्या काळातली ही इमारत. एरवी येथून सगळा मुलूख दिसतो म्हणतात. आम्हांला पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसले नाही. शिखर थोडेच वर राहिले होते. तेवढ्यात पलीकडे वीज कडाडली. कन्या म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते." ठरल्याप्रमाणे कुणी हसले नाही. लगेच फिरलो.

खाली येऊन टपरीवर चहा घेतला तेव्हा पाच वाजून गेले होते. टपरीवाले चाचा. आईला पाहून त्यांनी आतली खुर्ची बाहेर आणली, पाण्याचा जग पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "अम्मा, पहले पानी पियो." आईने पेला भरून घेतला.

दुसरा दिवस

रविवारी पावसाने उघडीप दिली. सकाळी मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात, नागसेनवनात गेलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. दौलताबादच्या दरवाज्यापासून हे ठिकाण फार तर पंधरा-सोळा किलोमीटर. १९३४ साली ज्या मुलखात पाण्याला हात लावू दिला नाही, तेथेच सोळा वर्षांनी त्यांनी सर्वांसाठी ज्ञानाचा पाणवठा उघडला. त्याच मुलखातल्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी त्यांचे नाव जोडले गेले. त्यासाठी आपल्या माणसांनी काय सोसले ते वाचकांना सांगायला नको.

तेथून वेरूळला. पहिली बारा लेणी बौद्धांची. दहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. दगडात कोरलेल्या तुळया, स्तूप आणि पुढे बुद्धाची बसलेली मूर्ती. आईने चपला काढल्या आणि त्रिशरण म्हटले. तो आवाज छताला लागून फिरून आला. कैलास लेणेही मुलांना दाखविले, कारण छिन्नी चालविणाऱ्याचे कसब सगळीकडे सारखेच वंदनीय असते.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

पावसाळ्यात जायचे झाल्यास पुढील गोष्टी पाळाव्यात. निघण्यापूर्वी हवामानाचा इशारा पाहावा आणि लाल इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. गुळगुळीत तळाच्या चपला घालू नयेत. अंधारीसाठी बॅटरी न्यावी, मोबाईलच्या भरवशावर राहू नये. गुडघेदुखीच्या आणि दम्याच्या माणसांनी खंदकापर्यंत जावे, पुढचा चढ फार उभा आहे. विजा चमकत असतील तर वर थांबू नये. माकडे पिशव्या ओढतात, म्हणून डबा आधी खाऊन घ्यावा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा. दोन-तीन घरांनी मिळून गाडी केली तर खर्च आवाक्यात येतो. आम्हांला आला.

आणि जाण्यापूर्वी त्या पुस्तिकेतले दौलताबादचे प्रकरण घरात सर्वांना वाचून दाखवावे. चार-पाच पानांपलीकडे नाही. ज्यांच्या घरात वाचता येणारे मूल आहे त्यांनी ते मुलाकडूनच वाचून घ्यावे. ऐकणाऱ्यांत एखादी आजी असेल तर तिला नंतर बोलू द्यावे, घाई करू नये. तिच्याजवळही एखाद्या आडाची गोष्ट असेल. ती तिच्याबरोबर जाण्याआधी मुलांच्या कानी पडली पाहिजे.